खालच्या पट्टीतली अक्का

धुळ्यातल्या सगळ्या बायकांनी बोलणं बंद केलंय, ही बातमी मला माझ्या वडिलांनी दिली. मी जळगावला राहते, त्यामुळे धुळ्याच्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळतात. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात, मांडीवर पेपर, शेजारच्या स्टुलावर लाकडी खोक्याचा रेडिओ. मी बसमधून उतरून, घामाघूम होऊन, पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाले, "माय, धुयाना बायास्नी बोलनं बंद करी टाकं. बठ्ठ्यास्नी."

"म्हणजे कोणी कोणी?"

"भाजीवाली, शेजारीण, डॉक्टरीण. तोंड हालावतस, पन बोलतस नई." त्यांचा सूर तक्रारीचा अजिबात नव्हता. "गावमा शांतता शे," असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

नाना आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्या यंत्रांच्या आवाजात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानाचं जे व्हायचं तेच त्यांचं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कानाचा तळमजला ठणठणीत आहे, वरचा मजला बंद झालाय. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. बाईंनी कानातलं यंत्र दिलं. नानांनी ते लावलं, जेवायला बसले, आणि त्यांना स्वतःचा पापड चावण्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी यंत्र काढून सुपारीच्या डब्यात टाकलं. अजून तिथंच आहे. सुपारीला सगळं ऐकू येतं.

माझं मात्र त्यांना सगळं ऐकू यायचं, कारण माझा आवाज घोगरा आहे. फोनवर मला लोक 'हां, बोला भाऊ' म्हणतात. पूर्वी तळपायाची आग मस्तकात जायची, आता मीही 'बोला भाऊ' म्हणते आणि काम उरकते.

मी म्हटलं, "नाना, बायका बोलतात. तुमच्या कानांना ऐकू येत नाही."

"मना कानले काय व्हयनं? ट्रक ऐकू येस. म्हैस ऐकू येस. तू ऐकू येस."

मी आत गेले. आत अक्का, म्हणजे माझी आई. गल्ली तिला अक्का म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. ती भाकरी थापत होती आणि तिचा चेहरा तव्याहून तापलेला होता. तिनं मला दुसरी बातमी दिली. तुझ्या नानांनी दिवाळीपासून माझ्याशी अबोला धरलाय. अनारसे कसे झाले म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारायला मी काय भिकारीण आहे?

"मंग मी बी बोलनं सोडी दिन्ह," ती म्हणाली.

म्हणजे घरात झालं होतं ते असं. आधी अक्का बोलत होती आणि नानांना ऐकू येत नव्हतं. मग अक्कानं बोलणं सोडलं आणि नानांना काहीच फरक पडला नाही. नानांच्या मते अबोला अक्कानं धरला होता, अक्काच्या मते नानांनी. जेवण वाढलं की ती ताट फरशीवर दाणकन आदळायची, तेवढं त्यांना ऐकू जायचं आणि ते आत यायचे. आमच्याकडे अबोला हा मानाचा विषय आहे. जो आधी बोलतो तो हरतो, आणि हरलेल्याला ते मरेपर्यंत ऐकवतात. दोघांनीही सत्तरी कधीच ओलांडलेली, दोघेही जिंकत होते.

मी अक्काला कानाचे मजले समजावून सांगितले. तिनं भाकरी उलटली, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ट्रक ऐकू येस, म्हैस ऐकू येस, तू ऐकू येस, अन मी तेवढी ऐकू येस नई? मंग तर व्हईच गयं." मी कपाळावर हात मारला. सगळं समजावून मी तिच्या बाजूचा पुरावा तेवढा भक्कम केला होता.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढून दाखवली. लुगडी घडी घालून ठेवलेली, वर देवाची छोटी पितळी मूर्ती. "आखाजीले मी साक्रीले जास. परत येवाव नई."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खान्देशात त्या सणाला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. तिला कोणी अडवत नाही, अडवणं वाईट दिसतं. अक्का माहेरी आखाजीला गेली त्याला कैक वर्षं झाली होती, पण हक्क तो हक्क. साक्रीला मामा एकटा राहतो. मी फोन करून त्याला म्हटलं, मामा, तिला समजाव. तर तो म्हणाला, समजवायचं काय त्यात, मी निंबाला झोका बांधून ठेवलाय, ट्रंकेला जागा केलीय. ऐंशीला टेकलेला माणूस, पंच्याहत्तरीच्या बहिणीसाठी झोका बांधतो! मी रागानं फोन ठेवला.

पण रात्री जळगावला परतताना पारोळ्यापर्यंत मला एकच दिसत होतं. अक्का गेली तर नाना ओट्यावर बसून राहतील, ताटाचा आवाज येईना म्हणून वाट बघतील, आणि तरीही गावात शांतता आहे असंच म्हणत राहतील. मला भीती वाटली. शेजारची बाई खिडकी लावा म्हणाली, मी तिच्यावर उगाच खेकसले.

आता माझ्या टेबलाबद्दल सांगायला हवं. मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेते आणि उरलेल्या वेळात रेडिओ रिसीव्हर बनवते. विकत मिळतात तसले नव्हे, स्वतः आखलेले. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, तारा, सर्किटांचे तुकडे. आमचे हे गेली कित्येक वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवतात आणि बिचारे काही बोलत नाहीत. त्या काळात मी एका विचित्र रिसीव्हरच्या मागे लागले होते. त्यात आलेला आवाज दोन वाटांनी सोडायचा. दोन्ही वाटांवर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जाळ्या. जाळी आवाज अडवत नाही, फक्त रेंगाळायला लावते, आणि असा हिशेब जमवायचा की एका वाटेचा आवाज दुसऱ्यापेक्षा नेहमी पाव फेरा मागे राहील. मग दोन्ही वाटांना एकेक स्थिर सूर मिसळायचा आणि शेवटी दोघींची गाठ घालायची. वरच्या पट्टीत चढलेले दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, खालच्या पट्टीत उतरलेला तेवढा शिल्लक राहतो. म्हणजे बारीक आवाज आत घाला, जाड आवाज बाहेर येतो.

दूरची स्टेशनं स्पष्ट ऐकावीत म्हणून मी हे करत होते. आणि एका दुपारी, बटण जरा जास्त फिरलं, तर बातम्या देणारी गोड गळ्याची बाई एकदम म्हशीच्या आवाजात हवामान सांगायला लागली. मी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. म्हैस ऐकू येस!

नानांचा जुना रेडिओ मी दुरुस्तीच्या नावाखाली जळगावला आणला. आतलं सगळं काढलं आणि माझा रिसीव्हर बसवला. खोकं त्यांचं, आतडी माझी. नानांचा माणसांवर विश्वास नाही, त्या खोक्यावर आहे. त्यातून आलेलं सगळं खरं. एक लांब वायर बाहेर काढली, ती थेट स्वयंपाकघरापर्यंत जाईल आणि तिच्या टोकाला माइक असेल; माइक चालू केला की स्टेशन आपोआप बंद. हवेतून काही पाठवायचं नव्हतं. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे आहे, पण स्वयंपाकघरातून बापावर प्रसारण करायची सोय त्यात नाही.

अडचण जाळीची होती. जाळीतले कपॅसिटर एकमेकांशी जुळले पाहिजेत, एखादा जरी इकडेतिकडे झाला तरी दोन आवाज एकमेकांना नीट खात नाहीत आणि उष्टं उरतं. माझ्याकडचा माल भंगारातल्या टीव्हींमधून उपसलेला, वर एकच आकडा छापलेला आणि आत प्रत्येकाचं वेगळं. ते मापून निवडायचे म्हणजे कंबरडं मोडायचं काम. आणि चैत्र लागलेला, आखाजी तोंडावर.

धुळ्याला गेले तर त्या दिवशी आमच्या घरी पापडाची पाळी. आमच्याकडे उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतात, आज हिचे पापड, उद्या तिचे ज्वारीचे बिबडे. पोळपाट-लाटणी घेऊन सगळ्या हजर. मी परातीत कपॅसिटर ओतले, शेजारी मापायचं मीटर ठेवलं आणि म्हटलं, बायांनो, एवढं निवडून द्या.

"खडे कोणते?" एकीनं विचारलं.

"खडे नाहीत. सारखे सारखे वेगळे काढायचे."

"मंग सोपं शे," म्हणून त्या बसल्या. एक मीटरवर टेकवायची, आकडा मोठ्यानं सांगायची, बाकीच्या ज्या त्या वाटीत टाकायच्या, आणि मध्ये पापड लाटणं चालूच. एवढ्या आवाजात ओट्यावर नाना निवांत पेपर वाचत होते. एकजण म्हणाली, आमच्या म्हाताऱ्याले बी असा रेडिओ करी दे. दुसरी म्हणाली, नको व माय, त्याले ऐकू येत नई तेच बरं शे. संध्याकाळी माझ्या वाट्या भरल्या. एक कपॅसिटर मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. तेव्हापासून आमच्या घरी पापड खाताना सगळे जरा जपूनच चावतात.

जाळ्या पुऱ्या करून रेडिओ ओट्यावर परत ठेवला, पण पहिल्या चाचणीला मी शेवटच्या गाठीच्या दोन तारा उलट जोडल्या. त्यामुळे खाली उतरणारा आवाज गायब झाला आणि वर चढणारा राहिला. बातम्या देणारा जाडजूड माणूस चिचुंद्रीसारखा चिरकायला लागला, समोरच्या ओट्यावरचा कुत्रा उठून गेला आणि नाना म्हणाले, रेडिओ बंद पडना. मी तारा बदलल्या. मग एक बाई बोलायला लागली, हंड्यात तोंड घालून बोलावं तशी. नानांनी मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्यांना बाईचा आवाज ऐकू आला होता.

"ह्या बाईले सर्दी व्हयेल शे," ते म्हणाले. पण मग मान हलवत सगळ्या बातम्या ऐकल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बातम्या संपल्यावर मी म्हटलं, आता पटलं का? बायका बोलतात. नाना म्हणाले, "रेडिओवरल्या बोलतस. घरवाली बोलस नई." आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

म्हणून मी अक्काच्या हातात माइक दिला. तिनं तो विंचू धरावा तसा धरला. "मी कशाले पहिले बोलू?"

मी म्हटलं, तू त्यांच्याशी बोलायचंच नाही. तू रेडिओवर बोल. रेडिओवर बोलणारी कोणाशी थोडीच बोलते? ती सगळ्यांसाठी असते. त्यानं अबोला मोडत नाही. हा मुद्दा तिला पटला, याचं मला आजही नवल वाटतं. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि रेडिओवर जसं बोलतात तसं, तिच्या मते अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत सुरू केलं: "नमस्कार. आज आमच्या डाळीत मीठ थोडे अधिक पडले आहे. परंतु कोणास सांगावे? आमच्या घरी जो पुरुष जेवतो, तो मान वर करून बघतसुद्धा नाही."

ओट्यावर ते जाड होऊन पोचलं. मी धावत बाहेर गेले. नानांना आता कळेल, ते उठतील, आत येतील. नाना कान रेडिओला लावून बसले होते. मला हातानंच गप्प बस म्हणाले. कार्यक्रम संपल्यावर खूश होऊन सांगितलं, "नवा कार्यक्रम सुरू व्हयना. कोनी बाई शे, नवरानी पार सालटी काढस."

त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं! आवाज माझ्या जाळीनं बदलला होता, भाषा तिनं स्वतः बदलली होती. सांगितलं असतं तर अक्काच्या डोक्यात राग गेला असता, आणि नानांना पटलं असतंच असंही नाही.

पुढं जे चाललं ते बघून मी हात टेकले. रोज दुपारी जेवणं झाली की अक्का स्वयंपाकघरात माइक घेऊन बसायची आणि नाना ओट्यावर रेडिओशी. मधे एक भिंत. ती अनारशांपासून सुरुवात करायची आणि लग्नातल्या मानापमानापर्यंत मागे जायची. एकदा सोनगीरचा किल्ला बघायला नेतो म्हणून हायवेवरूनच दाखवून परत आणलं होतं, त्याचं एक अख्खं भाषण झालं. नाना मधूनमधून "बरोबर शे!" म्हणायचे. जळगावला मला फोन करून सांगायचे, "तिना नवरा मानूस शे का दगड? एक शबद बोलस नई तिनासंगे. अशा मानूसले ना..." पुढे त्या माणसाचं काय करायला हवं ते सांगायचे. मी "हो नाना" म्हणायचे आणि फोन बाजूला धरून हसायचे. हसता हसता मला त्यांचा इतका राग यायचा की काय सांगू.

अक्काला मी फोन केला, म्हटलं, बघ, किती मन लावून ऐकतात ते तुझं. उगाच ट्रंक भरू नकोस. ती फणकारली. "मनं कोठे ऐकतस? त्या बाईनं ऐकतस."

"अगं, ती बाई तूच!"

"असू दे. त्यास्ले कोठे माहीत शे? साडी नेसी समोर उभी राहते ती मी. माले बघत नई, अन त्या सटवीसाठी दुपारनी झोप सोडतस."

माझी आई माझ्या आईवर जळत होती, आणि हे सगळं माझ्या जाळ्यांनी घडवलं होतं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते ताटातून मान वर करून म्हणाले, तारा पुन्हा उलट जोडून बघ. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला साक्रीच्या बसमध्ये बसवून द्यायचं होतं, दुसरं कोण होतं द्यायला? ट्रंक स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवलेली, कडीला कुलूप. नाना जेवायला आत आले तेव्हा त्या ट्रंकेला वळसा घालून आले आणि वळसा घालून गेले. काही विचारलं नाही. हरायचं नव्हतं ना. अक्का माझ्याकडे बघत राहिली, बघितलंस, अशा नजरेनं. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

जेवणं झाली. ती माइक घेऊन बसली. मी दारात उभी होते, जिथून ओटाही दिसतो आणि चूलही. तिनं नमस्कार केला. आज कोणाची सालटी काढली नाही. म्हणाली, "हा आमचा शेवटचा कार्यक्रम आहे. उद्या आम्ही माहेरी जाणार आहोत. परत येणार नाही. घरात पीठ दळून ठेवले आहे. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे. गोळ्या सकाळी एक, रात्री एक." मग तिला पुढं सुचेना. माइक हातात तसाच राहिला आणि ती चुलीकडे बघत बसली.

ओट्यावर नाना उभे राहिले. खुर्ची मागे पडली. रेडिओकडे बघून त्यांनी दोनदा "ओ बाई," म्हटलं, जणू ती थांबेल. मग माझ्याकडे बघितलं. मी दारातून बाजूला झाले. ते तसेच आत आले, ट्रंकेला धडकले, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा अक्कासमोर उभं राहून बोलले.

"ऐकं का तू? ती रेडिओवरली बाई चालनी! परत येवाव नई म्हनस!"

अक्का हलली नाही. त्यांचा आवाज कापत होता. तिनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. आणि मग तिचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेलं, माइक हातातच होता हे ती विसरली.

"मंग जाऊ दे ना तिले! तुमले काय करनं शे तिनं?"

तिचे ओठ इथं हलले आणि आवाज बाहेरून, ओट्यावरून, जाडाभरडा गडगडत आला. नाना दचकून मागे वळले. पुन्हा तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातल्या माइककडे, माइकपासून निघालेल्या वायरकडे, ती वायर भिंतीच्या कडेनं जिकडे जात होती तिकडे. मला वाटलं, आता ते भडकतील, सगळ्यांनी मिळून मला येडा बनवलं म्हणतील, आणि मग साक्रीची बस कोणी थांबवू शकणार नाही.

नाना वायरीच्या मागे मागे बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी रेडिओ उचलून पोटाशी धरला होता. ट्रंक ओलांडून ते आत आले, रेडिओ चुलीशेजारी फरशीवर ठेवला, आणि त्याच्यासमोर, म्हणजे तिच्याचसमोर, मांडी घालून बसले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली बसत नाहीत, जेवतानाही ताट उचलून खुर्चीवर बसतात.

"तो नवरा मी शे का?" त्यांनी विचारलं.

अक्कानं मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी रेडिओ जवळ ओढला. मग म्हणाले, "आते सांग. पहिलेपासून."

अक्कानं दाराशी असलेली ट्रंक जवळ ओढली, तिच्यावर टेकली, पदरानं नाक पुसलं, माइक तोंडाशी धरला आणि अनारशांपासून सुरू झाली. नानांनी आवाज वाढवला.